शेततळ्याची फाटलेली पन्नी स्वतः कशी जोडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हरभरा निघाला आणि संत्र्याला पाण्याची ओढ लागली की वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाण्याकडून एकच विचारणा सुरू होते: तळ्यातलं पाणी चाललंय कुठं? त्यात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं सरकारी योजनेतल्या ५०० मायक्रॉनच्या विणलेल्या पन्नीला धरून आहेत. तुमची पन्नी वेगळी असेल तर आधी प्रश्न ४ वाचा.

१. पाणी रोज उतरतंय. म्हणजे पन्नी फाटलीच ना?

तसंच असेल असं नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचं ऊन आणि वारा मिळून उघडं पाणी दिवसाला एखादा सेंटीमीटर सहज उडवतात, कधी त्याहून जास्त. ३० × ३० मीटरचं तळं तोंडाशी भरलेलं असेल तर एक सेंटीमीटर म्हणजे ९,००० लिटर. आकडा ऐकून धडकी भरते, पण एवढं पाणी भोकाशिवायही जातं.

खात्री करायला एक बादली लागते. तळ्याच्या कोपऱ्यावर आडवा बांबू टाका आणि बादली त्याला अशी बांधा की ती तीन हिस्से पाण्यात बुडालेली राहील. वजन म्हणून आत एक गुळगुळीत दगड ठेवा. बादलीत तळ्याचंच पाणी भरा, आतली पातळी बाहेरच्या पातळीइतकी करा आणि आत-बाहेर खूण करा. दोन दिवस मोटर बंद ठेवा. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर पाणी उन्हानं नेलं. तळ्याची पातळी जास्त उतरली तर वरचा फरक हा गळतीचा.

२. मी उतारावर पेंटनं खुणा केल्या. रोज दीड-दोन सेंटीमीटर उतरतंय. एवढं तर नक्कीच जास्त झालं?

उतारावर पट्टी लावून मोजलं तर आकडा फुगतो. बाजूचा उतार एकास एक असेल तर पाणी उभं एक सेंटीमीटर उतरताना उतारावर सुमारे १.४ सेंटीमीटर सरकतं. उतार दीडास एक असेल तर १.८ सेंटीमीटर. तुमचे दीड-दोन सेंटीमीटर हे निव्वळ बाष्पीभवन असू शकतं. काठी उभी रोवता येत नाही, कारण खाली पन्नी आहे. म्हणून आडव्या बांबूपासून पाण्यापर्यंतचं अंतर ओळंब्यानं किंवा टेपनं सरळ खाली मोजा.

३. गळती आहे हे नक्की झालं. पण भोक सापडतच नाही. एवढ्या मोठ्या तळ्यात शोधायचं कुठं?

तळ्यालाच शोधू द्या. पाणी भोकाच्या पातळीपर्यंत जोरात उतरतं आणि त्याखाली गेलं की उतरणं एकदम मंदावतं. रोज सकाळी एकाच वेळी मोजून वहीत लिहा. ज्या दिवशी वेग नेहमीच्या बाष्पीभवनाइतका झाला, त्या दिवशीच्या पाण्याच्या रेषेवर आणि तिच्या जरा वर, चारही बाजूंनी पन्नी तपासा. पातळी कुठेच न थांबता तळापर्यंत गेली तर भोक तळात आहे.

रेषा मिळाली की हातानं चाचपा, डोळ्यांवर भरवसा नको. गाळाच्या थरात भोकाजवळ बारीक खळगा पडलेला असतो किंवा गाळ एका दिशेला ओढल्यासारखा दिसतो. शंका असलेल्या जागी सुई काढलेल्या सिरिंजनं लाल औषधाचं (पोटॅशियम परमँगनेट) पाणी अगदी सावकाश सोडा. पाणी हलत नसेल तेव्हाच हे करा, म्हणजे पहाटे, वारा सुटायच्या आत. जांभळी रेघ भोकाकडे वाकते आणि आत शिरते. बाहेरच्या बाजूनेही फेरी मारा. भर उन्हाळ्यात बांधाच्या पायथ्याशी एकाच ठिकाणी हिरवं गवत किंवा ओल दिसली तर आत त्याच बाजूला बघा. मात्र मुरमाड जमिनीत पाणी भलतीकडेही निघतं, तेव्हा बाहेरच्या ओलीवरून पक्का निष्कर्ष काढू नका.

४. आमची पन्नी कशाची आहे हेच माहीत नाही. कसं ओळखावं?

बांधावरच्या ज्या चरात पन्नीची कड मातीखाली दाबलेली असते, तिथल्या कडेचा बोटभर तुकडा कापा आणि पाण्यात दाबून सोडा. त्याला चिकटलेले बुडबुडे आधी पुसून टाका. तरंगला तर पॉलिथिन (एचडीपीई किंवा एलडीपीई), बुडाला तर पीव्हीसी किंवा रबरी ईपीडीएम. मग चिमट्यात धरून, मोकळ्या हवेत, टोक पेटवा. पॉलिथिन मेणबत्तीसारखा वास देत थेंब थेंब गळतं. पीव्हीसी नाकात झोंबतं आणि ज्योत काढली की विझतं. तो धूर ओढू नका, एक क्षण पुरे.

तुकड्याच्या कडेला विणलेल्या पट्ट्या दिसल्या तर ती लॅमिनेटेड विणलेली एचडीपीई पन्नी. तिच्यासाठी आयएस १५३५१ हे मानक आहे आणि बहुधा तोच आकडा पन्नीवर किंवा बिलावर असतो.

५. कोणतं सोल्यूशन आणू? दुकानदार तीन प्रकारची दाखवतो.

पॉलिथिन पन्नीसाठी कोणतंच नाही. पाइपाचं सोल्यूशन पीव्हीसी विरघळवून जोडतं, पॉलिथिनवर त्याचा काही परिणाम होत नाही. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन रबरासाठी असतं. इपॉक्सी, झटपट चिकटणारा गोंद, सिलिकॉन ही सगळी पॉलिथिनच्या मेणचट पृष्ठभागावर वाळून बसतात आणि पुढे पापुद्र्यासारखी सुटतात. डांबराचा विचारही करू नका. ते उन्हात पाझरतं, पन्नीला धरत नाही आणि त्यावर नंतर गरम जोडही घेता येत नाही.

पॉलिथिनला पॉलिथिन जोडायचं ते वितळवूनच. घाईत तात्पुरतं काही हवं असेल तर ब्युटाइल टेप हा त्यातल्या त्यात बरा पर्याय आहे. तो कोरड्या, स्वच्छ पन्नीवर आणि पाण्याच्या रेषेच्या वर लावला तर एखादा हंगाम निघू शकतो.

६. आत उतरायचं म्हटलं की भीती वाटते. काही काळजी?

भीती वाटते ते बरंच आहे. ओली, शेवाळलेली पन्नी माणसाला वर येऊ देत नाही. पोहता येणारेही यात बुडाले आहेत, कारण काठ हाताशी असून धरायला काही नसतं. एकट्यानं कधीच उतरू नका. बांधावरच्या पक्क्या खुंटाला किंवा झाडाला दोर बांधा, त्याला हात-दीड हातावर गाठी मारा आणि तो पार तळापर्यंत सोडा. ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब पाण्यात ठेवा. मोटर पाण्यात असेल तर स्टार्टर बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडा आणि तिथं माणूस उभा करा. रात्रपाळीची लाइन असलेल्या गावांत हे जास्तच पाळा. लाइन कधी येईल याचा नेम नसतो आणि ऑटो स्विच मोटर आपोआप सुरू करतो.

पायात काही घालायचं तर मोजे. खिळ्याची चप्पल, कंबरेचा इळा, खिशातला पाना हे सगळं बांधावर ठेवा. दुरुस्तीला उतरून नवी भोकं पाडून येणारे कमी नाहीत.

७. ठिगळ नेमकं लावायचं कसं? सुरुवातीपासून सांगा.

साहित्य: तापमान कमी-जास्त करता येणारी हॉट एअर गन आणि तिला चपटं तोंड, सिलिकॉनचा हातरोलर, त्याच पन्नीचा तुकडा, सुती फडकी, स्पिरिट, बोथट स्क्रूड्रायव्हर, गुळगुळीत फळी. पन्नीचा तुकडा मूळ मालाचाच हवा. पन्नी टाकताना उरलेला तुकडा जपून ठेवला नसेल तर चरात दाबलेल्या जास्तीच्या कडेतून कापून घ्या, पण चर नंतर पुन्हा भरा.

पाणी भोकाच्या निदान हातभर खाली आणा. भोकाखालची माती बोटानं चाचपा. दगड, पऱ्हाटीचं खुंट किंवा काटा हाती लागला तर तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर त्याच जागी ठिगळालाही भोक पडेल. गरज पडली तर भोक थोडं वाढवा, खालची वस्तू काढा आणि खड्डा चाळलेल्या कोरड्या मातीनं दाबून भरा. माती ओली असेल तर जोडाच्या उष्णतेनं तिची वाफ होते आणि ती वितळलेल्या थरात शिरते. म्हणून भोकातून एक जास्तीचा पन्नीचा तुकडा आत सरकवून ठेवा, ओल वर येत नाही.

आता सफाई. शेवाळ पाण्यानं धुवा, वाळू द्या, स्पिरिटच्या फडक्यानं पुसा आणि स्पिरिट पूर्ण उडेपर्यंत थांबा. तोपर्यंत गन सुरू करू नका. जुन्या पन्नीचा वरचा थर उन्हानं मेलेला असतो, त्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा. हलक्या हातानंच, कारण विणलेल्या पन्नीवरचा लेप पातळ असतो. खालच्या पट्ट्या उघड्या पडल्या तर जोड धरत नाही.

ठिगळ भोकाच्या चारही बाजूंनी १० ते १५ सेंटीमीटर बाहेर येईल एवढं कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरा पहिल्यांदा उचलतो. गन ठिगळावर धरण्याआधी तापमान दोन टाकाऊ तुकड्यांवर जोडून बघा. प्रत्येक गन वेगळी आणि वाऱ्यात तर तीच गनही वेगळी वागते. थर चकाकून ओलसर दिसला की तापमान बरोबर. पन्नी आखडली, सुरकुतली किंवा धूर निघाला तर जास्त झालं. नमुना पूर्ण गार झाल्यावर ओढून बघा. जोड सुटला तर उष्णता कमी. जोडाशेजारची पन्नीच फाटली तर तो जोड पक्का.

लावताना ठिगळ मधोमध दोन-चार ठिकाणी तापवून चिकटवा, मग कडेपासून दोन बोटं आत एक फेरी घ्या आणि शेवटी कडेची फेरी. गनचं तोंड दोन थरांच्या मध्ये, रोलर लगेच मागे. एका हातानं गन सरकवायची आणि दुसऱ्या हातानं दाबायचं, दोन्हींचा वेग एकच. उतारावर खालची माती दबते आणि रोलरला आधार मिळत नाही, तिथं भोकातून पातळ फळी आत सरकवता आली तर सरकवा. गार झाल्यावर स्क्रूड्रायव्हरचं बोथट टोक ठिगळाच्या कडेनं पूर्ण फिरवा. जिथं ते आत घुसेल तिथं पुन्हा तापवा.

हे काम सकाळी नऊच्या आत उरका. दुपारी काळी पन्नी हात लावू देत नाही, शिवाय ती पसरलेली असते. त्या वेळी ताणून लावलेलं ठिगळ पहाटे आखडताना कडेला ओढ देतं.

८. गन नाही. इस्त्रीनं किंवा तापवलेल्या इळ्यानं जमेल का?

इळ्यानं नाही. तो एका जागी जाळतो आणि शेजारी कच्चं ठेवतो. इस्त्री मधे कागद ठेवून, खाली फळी घेऊन, सपाट बांधावरच्या बारीक भोकाला चालते. पाण्याखाली जाणाऱ्या भागावर तिचा भरवसा धरू नका. तालुक्याच्या ठिकाणी पन्नी बसवणारे कारागीर गन भाड्यानं देतात किंवा स्वतः येऊन लावून देतात. भोकं चार-पाच असतील तर कारागीर बोलावणं विकत गनपेक्षा परवडतं.

९. वावरात थ्री फेज आहे, तीही आठ तास. गन कशावर चालवू?

साधी गन १,५०० ते २,००० वॅटची असते, म्हणून निदान अडीच केव्हीएचं जनरेटर घ्या. लहान जनरेटरवर गन चालते, पण तापमान खाली-वर होतं आणि जोड कुठे पक्का, कुठे कच्चा राहतो. थ्री फेज लाइनीतून एक वायर काढून जुगाड करणारे भेटतात. ओल्या तळ्यात उभं राहून ते करू नका.

१०. पाणी उपसता येत नाही, बागेला तेवढंच आहे. पाण्यातच दुरुस्ती होईल का?

पॉलिथिनचा गरम जोड पाण्याखाली होत नाही. मात्र गळती कमी करता येते. त्याच पन्नीचा मोठा तुकडा, भोकापेक्षा मीटरभर जास्त, भोकावर पसरा. पाण्याचा दाबच त्याला खाली चिकटवतो. तळात असेल तर त्याच्या कडांवर बारीक रेतीची, तोंड शिवलेली पोती ठेवा, गिट्टीची नकोत. उतारावर पोती घसरतात, म्हणून ती दोरीनं बांधावरच्या खुंटाला टांगून ठेवा. गळती पूर्ण थांबणार नाही, पण मृगापर्यंत दम निघतो. तळं रिकामं झालं की प्रश्न ७ प्रमाणे पक्कं काम करा.

११. तळ्यात रोहू-कटला सोडले आहेत. लाल औषधानं मरतील का?

सिरिंजभर पाण्यानं काही होत नाही. धोका वेगळाच आहे. पाणी झपाट्यानं कमी केलं की उथळ, तापलेल्या पाण्यात माशांचा श्वास कोंडतो. विकण्याजोगे असतील तर आधी काढा. नसतील तर पाणी टप्प्याटप्प्यानं उतरवा आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले तर लगेच उपसा थांबवा.

१२. भोक नाही, चार-पाच फूट चीर गेली आहे. तेच ठिगळ लांब करून लावायचं?

आधी चिरेची दोन्ही टोकं कात्रीनं गोल करा, नाहीतर ती ठिगळाखालून पुढे धावते. मग बघा की ती का गेली. उतारावर आडवी चीर बहुधा ताणाची असते: पन्नी टाकतानाच कमी पडलेली किंवा खालची माती खचलेली. तिथं चीर ओढून बंद करू नका. आहे तेवढी उघडी राहू द्या आणि वरून सैल, थोडी चुणी ठेवून पट्टी लावा. उभी चीर सहसा जनावराच्या खुराची किंवा ओढलेल्या पाइपाची असते, तिला साधी लांब पट्टी पुरते.

१३. कारखान्यातला मूळ जोडच उकलला. तो पुन्हा चिकटवू का?

जुन्या जोडाच्या आत गाळ शिरलेला असतो, म्हणून त्यालाच तापवण्यात अर्थ नाही. सुटलेला पदर कापून सपाट करा आणि वरून वीतभर रुंद नवी पट्टी लावा. पन्नी वॉरंटीत असेल तर मात्र हात लावण्याआधी फोटो काढा आणि विक्रेत्याला लेखी कळवा. आपण ठिगळ लावलं की तो हात वर करायला मोकळा.

१४. पन्नीतून पाइप काढला आहे, तिथूनच गळतं. ठिगळ धरत नाही.

धरणार नाहीच. पाइप हलतो, पन्नी ताणते आणि दोन वेगळी प्लास्टिकं एकमेकांत वितळत नाहीत. खरा उपाय म्हणजे पाइप काढून ते भोक प्रश्न ७ प्रमाणे बंद करणं आणि पाणी बांधावरून मोटरनं किंवा सायफननं घेणं. पाइप ठेवायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर आणि बोल्ट असलेला फ्लँज (पाइपाभोवतीची चकती) लागतो.

१५. पावसाळ्यात पन्नी मधोमध फुगून वर आली. टोचून हवा काढू का?

थांबा. तळं रिकामं असताना बाहेरचं पाणी, विशेषतः नाल्याकाठच्या जमिनीत, पन्नीखाली येऊन तिला उचलतं. अशा वेळी उपसा बंद करा आणि उलट तळ्यात पाणी भरा. वजन वाढलं की पन्नी बसते. बांधावरचं पाणी चरातून पन्नीमागे उतरत असेल तर चर मातीनं घट्ट करा आणि वरून पाणी बाहेर वळवा. नुसती हवा असेल तर ती उताराच्या वरच्या टोकाकडे जमते. टोचायचंच असेल तर पाण्याच्या रेषेच्या वर, तिथंच एक छेद द्या आणि हवा गेल्यावर ठिगळ लावा. तळात कधीही टोचू नका.

१६. दरवर्षी जोडतो, दरवर्षी नवी भोकं. हे थांबवायचं कसं?

भोकाचा आकार बघा, चोर कळतो. दोन-दोन बोटांच्या जोड खुणा आणि खाली घसरल्याचे ओरखडे म्हणजे रोही (नीलगाय) किंवा डुक्कर पाण्याला येऊन आत पडलं. चारही बाजूंनी जाळी हवी, आणि जाळीबाहेर एका टाक्यात पाणी भरून ठेवा, तहानलेलं जनावर जाळीशी झुंजत नाही. वरच्या कडेला कुरतडलेलं दिसलं तर उंदीर-घूस. बारीक, गोल, खालून वर आलेली छिद्रं म्हणजे लव्हाळा. त्याचा कोंब पन्नी आरपार भेदतो आणि नुसतं ठिगळ लावलं तर शेजारून पुन्हा निघतो. तिथली गाठ खणून काढा. कडेला वितळून गोळा झालेली पन्नी म्हणजे कोणीतरी धुरा पेटवला होता.

आणि काळ्या मातीत सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण: तळं उन्हाळ्यात कोरडं ठाक पडलं की पन्नीखालच्या मातीला भेगा पडतात. पाणी भरलं की पन्नी त्या भेगांत दाबली जाते आणि कडेवर कापते. शेवटचं दोन फूट पाणी तळात राहू द्या. बागेला ते द्यावंसं वाटेल, पण नवी पन्नी त्याहून महाग पडते. त्या पाण्यानं वाऱ्याला पन्नी उचलायलाही वाव मिळत नाही.

१७. ताडोब्याकडे आमचा होमस्टे आहे. तिथल्या पोहण्याच्या टाकीची निळी पन्नी फाटली, तीही अशीच जोडायची?

ती बहुधा पीव्हीसीची असते. प्रश्न ४ ची चाचणी करून बघा. पीव्हीसी असेल तर तुमचं काम सोपं आहे: पीव्हीसीचा गोंद लागतो आणि पाण्याखाली चालणारे गोंद-ठिगळाचे संच मिळतात, टाकी रिकामी करावी लागत नाही. उलट पूर्ण रिकामी करूच नका, जुनी पीव्हीसी पन्नी पाण्याचा आधार गेला की आखडते आणि पुन्हा भरताना कोपऱ्यांत फाटते. ठिगळ गोल कापा, गोंद लावून दुमडून खाली न्या, भोकावर उलगडा, मधून कडेकडे पाणी हुसकावा आणि सांगितलेल्या वेळेपर्यंत वजन ठेवा.

१८. कधी म्हणावं की आता पुरे, नवीच टाका?

पाण्याच्या रेषेच्या वरच्या भागातला तुकडा दुमडून चिमटा. घडीवर तडा गेला, लेपाचे पापुद्रे निघाले किंवा नमुना जोड तापमान कमी-जास्त करूनही सुटला, तर त्या पन्नीत जोडण्याजोगं काही उरलेलं नाही. तळातला, कायम पाण्याखालचा भाग मात्र चांगला असतो. कित्येकदा फक्त वरची दोन मीटरची पट्टी चारही बाजूंनी बदलून आणखी काही वर्षं निघतात. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्याला चर धरून हजार-अकराशे चौरस मीटर पन्नी लागते, त्यामुळे आधी ही पट्टी बदलण्याचा हिशेब करून बघा. सगळी नवी टाकायची असेल तर अस्तरीकरणाच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. खरेदी मंजुरी मिळाल्यावरच करा.

१९. काढलेल्या जुन्या पन्नीचं काय करावं?

चांगला भाग कापून गुंडाळी करा, पुढची ठिगळं त्यातूनच निघतील. उंदरांपासून वाचवायची तर गोठ्यात नको, आढ्याला टांगा. उरलेली कुटार झाकायला किंवा गंजीखाली अंथरायला चालते. जाळू नका आणि वखरणीत येईल अशी वावरात गाडूही नका. भंगारवाला किलोवर घेतो, पण माती झटकून वाळवलेली असेल तरच भाव देतो.